मिठाची बरणी खालच्या फळीवर

आत्याबाई,

तुम्हाला पोहोचवून आलो त्या दुपारी घरात बायकांची एवढी दाटी झाली होती, की मला प्यायला पाणी घ्यायचं तरी वाट काढत जावं लागत होतं. शेजारच्या धुरपताबाईंनी पिठलं-भाकरी आणली. कुणी चार घास खाल्ले, कुणी ताटाला नुसता हात लावून उठलं. सगळ्या पांगल्या तेव्हा धुरपताबाई उंबऱ्यात थांबल्या. पदर तोंडाला लावला आणि तुमच्या लुगड्याने झाकलेल्या काचेच्या पेटीकडे हनुवटीनेच दाखवलं.

"सुमन, त्या माशाचं काय करायलीस आता? दे की कुठं सोडून. म्हातारीबिगर ते घरात ठिवू नको बाई."

"सोडू कुठं? नदीत? खाऱ्या पाण्यातला आहे तो. गोड्यात घटकाभरही टिकायचा नाही."

धुरपताबाई घाईने निघाल्या. गेल्या त्या चपला इथेच विसरून. अजून न्यायला आलेल्या नाहीत.

मग मी लुगडं काढलं. मासा नेहमीच्या जागी होता, पेटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे तोंड करून. तुमची खाट उजवीकडे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचं, तो म्हातारीकडे बघत बसतो. तो तुमच्याकडे बघत नसे, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मलाही. आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही. बाकी जगातल्या सगळ्या विषयांवर भांडलो.

आज हे तुमच्याशीच बोलते आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, सरकारी दवाखान्यातली नर्सबाई, आणि डोकं फिरलं. शिवाय आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. अर्धवट भांडण टाकून जाणं तुमच्या स्वभावात नव्हतं.

मी या घरात सून म्हणून नवी आले तेव्हाची गोष्ट तुम्ही फार रंगवून सांगायचात. कोकणातली पोरगी, मनमाडला गाडी बदलून छोट्या गाडीने सेलूला उतरली, आणि स्टेशनाबाहेर येऊन विचारते, "इथे पाणी कुठल्या बाजूला आहे?" खरंच विचारलं होतं मी. आमच्याकडे कुठेही उभं राहिलं तरी समुद्र एका बाजूला असतोच, त्यावरून दिशा कळते. इथे चहूकडे काळी माती आणि जिनिंगच्या आवारातून उडणारा कापूस. गल्लीतल्या बायका मला बघायला येत. "समुद्राकडची सून" म्हणून हनुवटी धरून तोंड वर करत, "तुमी मासे कच्चेच खाता का ग?" असं विचारत. मला भाकरी उतरेना. मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. तेव्हा तुम्ही हेच हिरवं लुगडं खोलीत आडवं बांधलंत आणि मला आत बसवलंत.

"ऱ्हा आत. भूक लागली की ये भाईर," तुम्ही म्हणालात. मग दारात जाऊन बायकांना म्हणालात, "काय तमाशा हाय का हितं? नव्या जिवाकडं असं बघायचं नस्तं. जावा आपापल्या घरी."

बाहेर तांदूळ निवडल्याचा आवाज यायचा. ज्वारीच्या मुलखात तुम्ही माझ्यासाठी भात शिजवत होतात. तो भात मी अजून विसरलेली नाही, आत्याबाई.

तरी पुढे एक उन्हाळा असा आला की मी बोलायचीच बंद झाले. आजार काही नव्हता. ड्यूटी करायची, घरी यायचं, पडून राहायचं. तुमचे चिरंजीव दूध डेअरीत कारकून, दुधाखेरीज कशातलं फारसं कळत नाही, पण मनाने भाबडे. त्यांनी माझ्या भावाला निरोप धाडला, "जमेल तेवढा समुद्र घेऊन या." भावानेही वेडेपणात कसूर केली नाही. आधी ओळखीच्या माणसाबरोबर काचेच्या मोठ्या बुधल्यांतून किनाऱ्यावरचं पाणी, वाळू, चार दगड पाठवले. ते पेटीत मुरल्यावर स्वतः मासे घेऊन आला. खडकांच्या खळग्यांत भरतीबरोबर येणारे ते छोटे मासे. अंगावर काळे पट्टे, पाठीवर पिवळी झाक. लहानपणी आम्ही ते ओंजळीत धरायचो.

डबा उघडला तेव्हा दोन मेलेले होते. तिसरा एका कुशीवर पडला होता. पट्टे पुसट झालेले, कल्ले भरभर हलत होते. तुम्ही वाकून पाहिलंत आणि चिरंजीवांना म्हणालात, "मन्या, हे जगलं तर ही बोलंल. न्हाई तर मी तुला सोडायची न्हाई." ते मी ऐकलं. त्या दिवसापासून त्या माशाच्या जगण्यावर माझंही जगणं टांगलं गेलं.

भावाने बजावलं होतं, एकदम पेटीत ओतायचा नाही, पाण्याची ओळख हळूहळू करून द्यायची. मी दवाखान्यातून टाकाऊ सलाईनची नळी आणली होती. ती पेटीतून माशाच्या डब्यात सोडली आणि तिचा चिमटा आवळला. थेंब थेंब पाणी पडायला लागलं. तुम्ही शेजारी पाट घेऊन बसलात. "मानसावानी सलाईन लावली की ग त्याला," म्हणालात, आणि मी हसले. किती दिवसांनी हसले ते तुम्हीच मला नंतर सांगितलंत. संध्याकाळी मासा सरळ झाला. त्याला ओंजळीने पेटीत सोडला तसा तो थेट दगडामागे, कोपऱ्यात गेला. भिंतीकडे तोंड. गल्लीतली माणसं काचेवर टिचक्या मारायला लागली. तुम्ही उठलात, खुंटीवरचं हिरवं लुगडं काढलंत आणि पेटीवर टाकलंत. मला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

लॉरीच्या ट्यूबमध्ये हवा भरून ती त्याच नळीने पाण्यात सोडायची युक्ती भावाची. पाण्याचा जडपणा मोजायची युक्ती मात्र यांची. डेअरीतली दूध तपासायची काचेची काडी त्यांनी पाण्यात सोडली. दुधात पाणी घातलं असेल तर ती खोल बुडते, दूध निर्भेळ असेल तर वर राहते. ती चांगल्या दुधाच्या खुणेपाशी येऊन थांबली. "तुमचा समुद्र बिनभेसळीचा निघाला," हे भावाला म्हणाले. तिथे त्यांनी लाल रंगाची बारीक रेघ ओढली. उन्हाने पाणी आटायचं, पण मीठ काही आटत नाही. म्हणून पेटीवरही एक खूण केली आणि पाणी तिच्या खाली गेलं की तेवढंच गोडं पाणी घालायचं असं ठरलं. काडी लाल रेघेला राहिली पाहिजे, एवढाच कायदा.

मासा काही खाईना. बाजारातली सुकट भिजवून, चुरून टाकली, ती तळाशी तशीच राहायची. कल्ले भरभर चालूच. दुपारी सगळं सामसूम झालं की तुम्ही लुगड्याचा कोपरा उचलून त्याच्याशी बोलायचात. मी पलीकडच्या खोलीत पडलेली असायची. शब्द कळत नसत, आवाज कळायचा. लहान मुलाला जेवायला बसवताना काढतात तसा. एकदा मधेच तुम्ही गप्प झालात, जणू समोरून कुणी काही विचारलं, आणि मग "व्हय, तुझ्याच वयाचं हाय ते" असं म्हणालात. हे शब्द मला स्वच्छ ऐकू आले. त्याच दिवशी माशाने पहिल्यांदा सुकट खाल्ली.

मग काडी वर चढायला लागली.

आधी यांना वाटलं, आपण नीट पाहिलं नाही. मग वाटलं, काडीत काही बिघाड आहे. डेअरीतून दुसरी आणली, तीही चांगल्या दुधाची खूण सोडून वर. पाणी खुणेला बरोबर, गोडं पाणी घातलेलं, तरी ते जड होत चाललेलं. मासा पुन्हा दगडामागे गेला, धापा टाकायला लागला. त्याच सुमारास पेटीच्या काचेवर, बाहेरून, खालच्या डाव्या अंगाला पांढरे डाग दिसायला लागले. बोटं टेकवल्यासारखे, शेजारी शेजारी. मी ओल्या फडक्याने पुसायची, ते पुन्हा यायचे. बुडबुडे फुटून उडालेलं पाणी वाळलं की मीठ उरतं, हे मला कळत होतं. पण बुडबुडे वर फुटतात. डाग खाली, मोठ्या माणसाला वाकावं लागेल अशा उंचीवर होते. तुम्ही त्यांच्याकडे पाहायचात आणि मुकाट्याने दुसरीकडे बघायचात.

एका दुपारी मी दवाखान्यातून लवकर आले, तेव्हा तुम्ही पेटीपुढे उभ्या होतात. मूठ बंद. ती मूठ तुम्ही पेटीवरून ओवाळलीत, ओठ हलत होते, आणि लुगड्याखालून मूठ पाण्यात उघडलीत. खडे मिठाचे दाणे तळाशी जाताना मी पाहिले.

"आत्याबाई! दृष्ट काढता तुम्ही? या घरात?"

तुम्ही दचकलात, पण लगेच सावरलात. "वरडू नको. मन्या यील."

"अहो, चुलीत टाकायचं ते. पेटीत कसलं टाकताय?"

"चुलीत तडतडतंय. ऐकायला जातंय समद्यास्नी." मग मला समजावल्यासारखं म्हणालात, "खाऱ्या पान्यात मीठ कुनाला दिसायचंय, मला वाटलं."

मला आधी हसू आलं आणि मग संताप. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव तुम्ही स्वतःच्या हाताने बाहेर काढले होते. दृष्ट, अंगारा, देवऋषी, सगळं सोडलं होतं. गल्लीतल्या एखाद्या बाईने लेकराच्या गालाला काळी तीट लावली तर तुम्ही तिला दारातच झाडायचात. मी तुम्हाला तुमचीच शपथ ऐकवायला लागले. तुम्ही ती ऐकून घेतलीत आणि पाटावर बसलात.

मग शेवंताचं सांगितलंत. यांची मोठी बहीण लहानपणीच गेली, एवढं मला माहीत होतं. दीक्षेनंतर थोड्याच दिवसांत पिंगळी गावच्या घरी तिला ताप भरला. तुमची सासू मीठ घेऊन आली, तर तुम्ही तिचा हात धरलात. आता आपल्यात हे चालत न्हाई म्हणालात. डॉक्टर परभणीला, बैलगाडी मिळाली तोवर पोरगी गेली.

"मी शपत पाळली," तुम्ही म्हणालात. "पाळायलाच पायजे व्हती. पर चिमूटभर मीठ व्हतं ग ते. तू नर्स हायस. सांग मला. त्या मिठानं वाचली असती का?"

"नाही," मी म्हटलं. "ताप मिठाने उतरत नाही."

"मग हे मीठ टाकल्यावरच खायला कसं लागलं?"

मी उत्तर दिलं ते नर्सचं. रोज थोडं पाणी काढलं, तेवढं गोडं घातलं, काडी हळूहळू लाल रेघेवर आणली. एकदम उतरवली असती तरी मासा मेला असता. कल्ले शांत झाले, पट्टे काळेभोर झाले, तो दगडामागून पुढे आला. मी तुम्हाला हात धरून पेटीपुढे नेलं. "बघा. मीठ थांबलं आणि हा सुधारला. कळलं ना?" मला वाटलं होतं तुमच्या मनावरचा दगड उतरेल. तुम्ही बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "तू मनतीस ते बरोबर असंल. शेवंताची आन, मी पुन्ना टाकनार न्हाई." पण चेहरा हलका झाला नाही. मासा मिठाने जगला असता तर मिठाने लेकही जगली असती, आणि तो मिठाने मरता मरता वाचला, तर इतकी वर्षं उगाच जळलात. दोन्हीकडून तुमचंच काळीज. हे मला तेव्हा उमगलं नाही.

आणि आठवडा जायच्या आत काडी पुन्हा वर.

मी तोंडावर काही बोलले नाही. म्हातारपणची खोड, जाईल कशी, असं मनात म्हटलं आणि रोज गुपचूप पाणी बदलत राहिले. फक्त मिठाची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती खालच्या फळीवर. पुन्हा वर ठेवली, पुन्हा खाली. "आत्याबाई, बरणी तुम्ही खाली ठेवता का?" विचारलं तर म्हणालात, "व्हय. ऱ्हाऊ दे खालीच." चोरी करून वर शिरजोरी, मी मनात म्हटलं. यांच्याजवळ कुरकुरले, तर हे म्हणाले, "आईने शेवंताची शपथ घेतली असेल तर ती मोडणार नाही." मी म्हटलं, मग काय समुद्राला भरती येते का सेलूत?

नंतर तुमचे पाय सुजायला लागले. चार पावलांत दम लागायचा. हृदय थकलंय म्हणून डॉक्टरांनी मीठ बंद केलं, त्यावर तुम्ही काय हसलात! "आदी माशाचं बंद केलंस, आता माझंबी केलंस का?" तुम्हाला एकटीला अळणी नको म्हणून मी सगळ्यांचंच अळणी शिजवायला लागले. हे दुपारी तोंड वाकडं करून जेवायचे, तुम्हाला त्याचीही गंमत. पुढल्या खोलीत पेटीशेजारी तुमची खाट टाकली. हळूहळू उठणं बंद झालं. शेवटी तर पाण्याचा पेला मलाच तुमच्या ओठांना लावावा लागे, हात उचलत नव्हता.

त्या दिवसांत काडी वर चढली, आत्याबाई.

मी ती हातात घेऊन उभी राहिले आणि तुमच्या उशीवर पडलेल्या हाताकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरात गेले. घरात मिठाचा खडा कशात पडत नव्हता, आणि बरणीतलं मीठ गळ्यापासून बरंच खाली गेलं होतं. बरणी खालच्या फळीवर होती. यांना विचारलं, ते म्हणाले, मी बरणीला हातही लावलेला नाही. मी पेटीपाशी परत आले. काचेवरचे डाग ताजे, अजून ओलसर होते. मासा त्यांच्या समोर उभा होता, दोघांमध्ये फक्त काच. तो निवांत होता. त्या घरात त्या घटकेला सगळ्यात निवांत तोच असेल.

मी तुमच्या कानाशी वाकले. "आत्याबाई, मीठ कोण टाकतंय?"

तुम्ही डोळे उघडले नाहीत. "बरनी वर नको ठिवत जाऊ," म्हणालात. "हात पुरत न्हाई तिचा."

मी "कुणाचा" असं विचारलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, ही आता वाद घालील. मला वाटलं, सकाळी विचारू. तुमची सकाळ झाली नाही.

म्हणून आता विचारते, कुणाचा? आणि माझं उत्तरही पुन्हा सांगते. ताप मिठाने उतरत नाही. तुम्ही शपथ पाळलीत म्हणून शेवंता गेली नाही. बैलगाडी उशिरा मिळाली आणि डॉक्टर लांब होता म्हणून गेली. तुमच्यापुढे मी हे फडक्याने काच पुसावी तसं कोरडं सांगितलं होतं, तुमचा हात हातात घेऊन सांगायला हवं होतं. आणि तुमची शपथ खरी होती, हेही सांगायचं राहून गेलं. मला या मुलखात तुम्ही जगवलंत. माशाला आपण दोघींनी जगवलं, की तिघींनी, हे मला ठरवता येत नाही. भीती वाटते का? वाटते. दुपारी या खोलीत एकटी बसले की मानेवरचे केस उभे राहतात. तरी मी इथेच बसते.

काल भंतेजी येऊन वंदना करून गेले. सगळ्यांनी पांढरे कपडे घातले होते. मग नणंदा-जावा भांडी लावायला लागल्या. त्यांच्यातल्या कुणीतरी मिठाची बरणी पुसून, छान झाकण लावून वरच्या फळीवर नेऊन ठेवली. मला आज सकाळी दिसली. काडी सोडून पाहिली, ती लाल रेघेवर अगदी बरोबर होती. काच स्वच्छ होती. मासा दगडामागे गेला होता, भिंतीकडे तोंड करून, आणि कल्ले पहिल्या दिवसासारखे भरभर चालले होते. सुकट तळाशी तशीच पडली होती.

मी पेटीवर तुमचं लुगडं टाकलं. एक कळशी गोडं पाणी भरून पेटीशेजारी ठेवलं, उद्यापासून खारटपणा उतरवायला ते मला रोज लागणार आहे. मग स्वयंपाकघरात गेले आणि बरणी उतरवून खालच्या फळीवर ठेवली. झाकण घट्ट बसलं होतं, ते जरा सैल केलं.

तुमची,
सुमन